महाराष्ट्रातील मोठी स्टेडियम्स आणि मैदान झाडणाऱ्या बाळूचे नाव

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक यादी पाठ असते. महाराष्ट्रातील सर्वात मोठी स्टेडियम्स. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, प्रेक्षकक्षमता ४५ ते ५५ हजार. नागपूरजवळचे जामठा, सुमारे ४५ हजार. पुण्याबाहेरचे गहुंजे, सुमारे ३७ हजार. मुंबईचे वानखेडे, सुमारे ३३ हजार. त्याच्या शेजारचे ब्रेबॉर्न, सुमारे २० हजार. शिवाय बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आणि वरळीचे इनडोअर वल्लभभाई पटेल स्टेडियम.

यादी पाठ करायला हरकत नाही. पण फुले-आंबेडकरी विचारांच्या माणसाने यादी पाठ करून थांबायचे नसते. मंदिर कितीही मोठे असले तरी आपण विचारतो की आत कोणाला प्रवेश होता. तळे कितीही भरलेले असले तरी आपण विचारतो की पाणी कोणाला मिळत होते. मग स्टेडियमबद्दल हा प्रश्न का विचारायचा नाही? जमीन कोणाची? आत कोण बसले? राबले कोण? आणि भिंतीवर नाव कोणाचे लागले?

हे प्रश्न घेऊन दक्षिण मुंबईतल्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात फिरा. महाराष्ट्रातील क्रीडांगणांचा जवळजवळ सगळा सामाजिक इतिहास तिथेच सापडतो.

मैदान आधी जातीधर्मात वाटले गेले

आज जिथे आझाद मैदान आहे तिथे पूर्वी एस्प्लनेडचे मोठे मोकळे मैदान होते. १८७५ मध्ये तिथे बॉम्बे जिमखाना उभा राहिला. तो फक्त युरोपियनांचा होता, हिंदी माणसाला तिथे सदस्यत्व नव्हते. उरलेल्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. पण गोऱ्या साहेबांना तिथेच पोलो खेळायचा होता आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडली जायची. १८८० च्या दशकात पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. हा लढा पुढे शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवला.

सरकारने तोडगा काय काढला? मैदान सर्वांना खुले केले नाही. समुद्रात भराव घालून मिळालेल्या किनाऱ्यालगतच्या पट्टीवर प्रत्येक धर्माला वेगळा तुकडा दिला. आधी पारशी जिमखाना, मग इस्लाम जिमखाना, आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना. मरीन लाइन्सला गाडीतून जाताना हे तिन्ही जिमखाने आजही ओळीने दिसतात.

म्हणजे या राज्यात स्टेडियम बांधण्याआधी मैदानाची वाटणी झाली. ती वाटणी धर्मावर झाली आणि प्रत्येक धर्माच्या आत जात होतीच. हिंदू जिमखाना म्हणजे वरच्या जातींच्या शेठ-सावकारांचा आणि शिकल्या-सवरल्यांचा जिमखाना. अस्पृश्यांसाठी पाचवा तुकडा कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. ते हिंदू आहेत, असे जनगणनेच्या वेळी सांगितले जायचे. पाणवठ्यावर मात्र ते हिंदू नसायचे.

महिना तीन रुपयांचा पोरगा

या व्यवस्थेत एक चांभार पोरगा शिरला. पालवणकर बाळू. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, हे त्याचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. तिथून तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये मिळू लागले आणि जाळी लावण्यापासून खेळपट्टी आखण्यापर्यंत सगळी कामे अंगावर पडली. फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी तेव्हा गोऱ्यांचा मोठा फलंदाज होता. त्याला तासन्‌तास चेंडू टाकता टाकता बाळूची डावखुरी फिरकी तयार झाली. त्याला बाद केले की ग्रेग बाळूला आठ आणे देत असे, असे सांगतात. बाळूला तिथे फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. फलंदाजी साहेबाची आणि घाम गाळायचा गड्याने, असा तो हिशोब होता.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. पण तो अस्पृश्य! वाद झाला. शेवटी जिंकायच्या गरजेपुढे सोवळे सैल झाले आणि बाळू संघात आला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्या संघातली वागणूक सविस्तर नोंदवली आहे. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की बाळूला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पान वेगळे. हातपाय धुवायला पाणी घालायचे तर अस्पृश्य गड्यानेच.

चेंडूला विटाळ नाही आणि कपाला विटाळ! कारण चेंडूने सामना जिंकता येतो. जातीव्यवस्था आंधळी नाही मित्रांनो, ती चांगली हिशोबी आहे.

"क्रिकेटमध्ये जात नसते, मेरिट असते"

आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते. या वाक्याला बाळूंची कारकीर्द समोर ठेवून उत्तर द्या.

पुण्यात प्लेग आला, बाळू मुंबईला आले आणि पुन्हा वादावादी होऊन हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम दोघे होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्याही आत. महाराजा दौऱ्यात फारसे खेळले नाहीत, तरी कर्णधार तेच.

मग हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले का? नाही. वर्षामागून वर्षे गेली. सर्वात अनुभवी, सर्वात जास्त बळी घेणारा, सर्वांचा मानलेला गोलंदाज, आणि कर्णधार दुसराच. यापेक्षा अधिक मेरिट कोणते असते?

१९२० मध्ये हा प्रश्न फुटला. बाळूंना संघातून वगळले गेले. ठरलेले कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद वयाने आणि अनुभवाने लहान असलेल्या देवधरांकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे मांडले. लोकांत बोभाटा झाला. पुढच्या सामन्याआधी जिमखान्याला झुकावे लागले. पै परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तेवढाच त्यांच्या वाट्याला आलेला मान.

साल लक्षात घ्या. १९२०. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. पालवणकर बंधूंच्या बहिष्काराला त्या हवेपासून वेगळे काढता येत नाही. अस्पृश्य माणूस आता कृपा नको, हक्क हवा असे म्हणू लागला होता. कोणी वर्तमानपत्रातून म्हणत होते, कोणी परिषदेतून, आणि दोन भाऊ क्रिकेटच्या मैदानावरून.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यातल्या किती जणांनी ते नाव तरी ऐकले आहे?

पण इथेच थांबून एक हिशोब करा. त्याच १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. विठ्ठलला खांद्यावर घेणाऱ्या समाजाने ते पाणवठे खुले केले का? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर आपली डोकी फुटली. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे बंदच राहिले. खेळामुळे जात संपते म्हणणाऱ्यांना हे विचारा. मैदानावरच्या टाळ्या मैदानावरच संपतात. हक्क टाळ्यांनी मिळत नाहीत, संघर्षाने मिळतात.

१९३७: एक निवडणूक आणि एक स्टेडियम

आता कठीण भागाकडे येऊ. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, बाळूंचे नाव आपण कशाला घ्यायचे? ते तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले.

हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात ते दुसऱ्या बाजूला होते. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतरालाही त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर उमेदवार म्हणून बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

यातून काय शिकायचे? पहिली गोष्ट, काँग्रेसला बाबासाहेबांना हरवायला अस्पृश्यांमधलाच सर्वात लोकप्रिय माणूस लागला. ज्या गोलंदाजाला सवर्णांच्या जिमखान्याने कर्णधार केले नाही, त्याला आंबेडकरांविरुद्ध उमेदवार करायला मात्र सगळे तयार झाले. गोऱ्यांना हरवायला बाळू, आंबेडकरांना हरवायला पुन्हा बाळू. दोन्ही वेळा चेंडू टाकायचे काम त्यांचेच. आपल्या समाजातल्या कर्तबगार माणसाला कोण, कशासाठी आणि कोणाविरुद्ध पुढे करते, हा प्रश्न आजच्या राखीव मतदारसंघांतही तितकाच लागू आहे.

दुसरी गोष्ट. राजकारणातली त्यांची बाजू चुकली असे आपण ठामपणे म्हणू. पण म्हणून मातीच्या भांड्यातला चहा खोटा ठरत नाही. ११४ बळी खोटे ठरत नाहीत. १९२० चा अन्याय खोटा ठरत नाही. तरुणपणी बाबासाहेबांनाही बाळूंच्या कर्तबगारीचे कौतुक होते, असे गुहा लिहितात. विभूतिपूजा नको, असे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. ज्याला विभूतिपूजा नको त्याला दगडफेकीचीही गरज नाही. माणूस पूर्ण वाचायचा असतो. बाळूंना देव करायचे नाही, आणि फक्त विरोधक म्हणून पुसूनही टाकायचे नाही. तसे पुसले तर ज्यांना त्यांचे नाव भिंतीवर नको होते त्यांचेच काम आपण फुकट करू.

त्याच १९३७ च्या डिसेंबरमध्ये चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. समुद्र हटवून काढलेली सरकारी जमीन, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचा मोठेपणा आणि गव्हर्नरचे नाव. आणि नव्या स्टेडियममधल्या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेत काय झाले? हिंदू जिमखान्याने स्पर्धेवर बहिष्कार घातला. कशावरून? आपल्या सदस्यांना पुरेशा खुर्च्या मिळाल्या नाहीत म्हणून! कर्णधारपद जातीवरून नाकारले तेव्हा जिमखान्याला काही वाटले नव्हते. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा स्वाभिमान जागा झाला.

धर्मावर आधारलेल्या संघांची ही स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली. बरेच झाले. पण ती बंद झाली ती धर्माधर्मांतल्या तेढीच्या कारणाने. तिच्यातल्या जातीच्या प्रश्नाचा निकाल कधी लागलाच नाही.

तिकिटांच्या भांडणातून वानखेडे

वानखेडे स्टेडियम का बांधले गेले? ब्रेबॉर्न लहान पडले म्हणून नव्हे. कसोटी सामन्याची तिकिटे किती कोणाला द्यायची, यावरून क्रिकेट क्लब आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेत भांडण झाले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी जिद्दीने चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले. साधारण तेरा महिन्यांत काम झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळली गेली.

वर्षभर मागे जा. जानेवारी १९७४ मध्ये येतो आपण. तेव्हा याच मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींत काय चालले होते? ५ जानेवारीला दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर वरून पाटा टाकला गेला आणि पँथर भागवत जाधव शहीद झाला. एकीकडे खुर्च्यांच्या वाटणीसाठी तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहते. दुसरीकडे माणूस म्हणून उभे राहायला चाळीतल्या पोराला जीव द्यावा लागतो. सरकारी यंत्रणा कोणत्या कामात किती वेगाने हलते, हे यातून कळते.

आमच्या लोकांना स्टेडियम कधी मिळाले? आमची स्टेडियम्स म्हणजे कामगार मैदाने. २४ मे १९५६ ला बुद्धजयंतीच्या दिवशी बाबासाहेबांनी मुंबईच्या नरे पार्कमध्ये धम्मदीक्षेचा निर्धार सांगितला. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसे जमली ती मोकळ्या मैदानावर. खुर्ची नव्हती, छप्पर नव्हते, स्टँडला कोणाचे नाव नव्हते. तरी या राज्यातला सर्वात मोठा सामना तिथेच जिंकला गेला.

नाव कसे लागते?

काही जण म्हणतील, नावात काय आहे? मग नावे कशी लागतात ते पाहा. गहुंजेच्या स्टेडियमला सुब्रत रॉय सहारा यांचे नाव लागले, कारण सहारा समूहाशी पैशाचा करार झाला होता. व्यवहार तुटला आणि नाव उतरले. म्हणजे पैसे असतील तर नाव विकत मिळते. वानखेडेवर विजय मर्चंट, गावसकर, तेंडुलकर यांच्या नावाचे स्टँड आहेत. ते त्यांच्या खेळाने मिळवलेले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मे २०२५ मध्ये अजित वाडेकर, रोहित शर्मा आणि शरद पवार यांच्या नावांची त्यात भर पडली. म्हणजे खेळाडूच्या नावाला जागा आहे, प्रशासक राजकारण्याच्या नावालाही जागा आहे. भारताचा पहिला मोठा गोलंदाज ज्या शहरात घडला, खेळला आणि १९५५ मध्ये वारला, त्या शहराच्या मुख्य क्रिकेट स्टेडियममध्ये त्याच्या नावाचा स्टँड नाही.

आणि आजही कोणत्याही मोठ्या स्टेडियममध्ये सकाळी सहा वाजता जाऊन पाहा. खेळपट्टीवर रोलर फिरवणारा माळी, गटारे साफ करणारा कंत्राटी कामगार, सामना संपल्यावर खुर्च्यांखालचा कचरा वेचणारी बाई. त्यांची आडनावे विचारा. पालवणकर बाळूचे पहिले काम आजही कोणाच्या वाट्याला येते, ते तुमचे तुम्हालाच कळेल. फरक एवढाच की त्यांच्यातल्या एखाद्या पोराने आज चेंडू हातात घेतला तर त्याला थांबवायला जातीचे नाव घ्यावे लागत नाही. क्लबची फी पुरेशी असते.

म्हणून माझ्या मते आपल्या मागण्या या असल्या पाहिजेत.

एक, वानखेडेच्या एका स्टँडला पालवणकर बाळूंचे नाव. आणि तिथल्या फलकावर खरा इतिहास, मातीच्या भांड्यासकट.

दोन, सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभ्या असलेल्या प्रत्येक क्लबाने आणि स्टेडियमने झोपडपट्टीतल्या व महापालिका शाळेतल्या मुलांसाठी ठराविक दिवस मैदान मोफत खुले ठेवावे. जमीन जनतेची असेल तर मैदानही जनतेचे असले पाहिजे.

तीन, मैदानावर राबणारे माळी आणि सफाई कामगार यांना कंत्राटातून काढून कायम करावे.

चार, हे आपल्या स्वतःसाठी. भीमजयंतीला डीजेवर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा भाग वस्तीतल्या एका क्रिकेट किंवा कबड्डी संघावर खर्च करू या. कबड्डीचेच पाहा. चाळीच्या मातीत वाढलेला खेळ २०१४ मध्ये वरळीच्या इनडोअर स्टेडियममध्ये मॅटवर आणि टीव्हीवर गेला. ज्या गल्ल्यांनी तो जगवला त्या गल्ल्यांत मॅट आली का?

स्पर्धा परीक्षेत प्रश्न येईल की महाराष्ट्रातील सर्वात मोठे स्टेडियम कोणते. उत्तर लिहा, मार्क मिळवा. पण पेपर देऊन बाहेर आल्यावर धाकट्या भावंडांना दुसरा प्रश्न विचारा. मैदान झाडणारा कोणता पोरगा इंग्लंडमध्ये ११४ बळी घेऊन आला आणि तरी त्याला कर्णधार केले गेले नाही? जोपर्यंत या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातल्या पोरांनाच येत नाही, तोपर्यंत वानखेडेच्या भिंतीकडे बोट दाखवण्याचा आपला अधिकार अर्धाच आहे.

जय भीम!